आबांच्या नावावरची वेबसाइट

नाना टेंब्यांना अंदाजाचा राग होता. "आज काय उकडतंय" असं कोणी सहज म्हटलं की ते विचारायचे, किती? समोरचा बावचळायचा. किती म्हणजे काय, उकडतंय म्हणजे उकडतंय. मग नाना शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढायचे आणि सकाळी साडेसातला गच्चीवर किती होतं ते अर्ध्या अंशापर्यंत सांगायचे. "अंदाज सांगू नको, रीडिंग सांग," हे त्यांचं वाक्य आमच्या छत्रीबाग मोहल्ल्यातलं एकेक पोरगं नक्कल करून म्हणायचं. नानांना ते ठाऊक होतं. नक्कल नीट जमली नाही तर ते स्वतः दुरुस्त करून द्यायचे.

उभी नोकरी त्यांनी एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये काढली. प्रोफेसर नव्हते, लॅब असिस्टंट होते, पण जर्नलमधली खोटी रीडिंग्ज प्रोफेसरांच्या आधी त्यांना दिसायची. रिटायर झाल्यावर त्यांनी एक थर्मामीटर आणला आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे सावलीत टांगला. विकत आणला, लॅबमधून नाही, हे सांगायला ते कधी विसरायचे नाहीत. रोज साडेसातला गुडघे वाकवून, एक डोळा मिटून, पाऱ्याच्या बरोबर समोर डोळा आणून ते आकडा वाचायचे. माझ्या मुलीला ताप आला की मी आधी त्यांनाच हाक मारायचे. ते कपाळाला हाताची मागची बाजू लावून म्हणायचे, एकशे एक पॉइंट दोन. मी दोनदा मुद्दाम थर्मामीटर लावून पाहिलं. एकशे एक पॉइंट दोनच होतं.

मी त्यांच्या गल्लीतली सून. घरी बसून मिठाईवाल्यांच्या आणि कोचिंग क्लासवाल्यांच्या वेबसाइट बनवते. कामाची मला फार हौस आहे असं नाही, पण हात बसलाय. नानांची वेबसाइट मात्र मी बनवलेली नव्हती. ती त्यांच्या मुलाने, निशूने, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना बनवली. कारण साधं होतं. नाना रोज जेवताना कालचं, परवाचं आणि मागच्या वर्षी याच तारखेचं तापमान वाचून दाखवायचे. पोरगं वैतागलं आणि म्हणालं, हे सगळं इथे लिहीत जा, ज्याला पाहिजे तो वाचेल, अपन शांतपणे जेवू.

नाव ठेवलं 'छत्रीबागेचं हवामान'. फॉर्म भरताना मालकाचं नाव विचारलं, तेव्हा नाना म्हणाले, आबांचं लिही. आबा म्हणजे नानांचे वडील, रामचंद्र गोविंद टेंबे. टेंब्यांच्या घरात नवीन काहीही आलं की ते आबांच्या नावावर घ्यायची रीत होती. विजेचं मीटर त्यांच्या नावावर, नळ त्यांच्या नावावर, गॅसचा नंबर त्यांच्या नावावर. आबांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती, पण त्याने कुणाचं काही अडत नव्हतं. मी हसायला नको, आमच्याकडेही लाइटचं बिल अजून माझ्या आजेसासऱ्यांच्या नावाने येतं. निशू मात्र पोट धरून हसला होता. हसत हसत त्याने आबांच्या नावाचा एक ईमेलसुद्धा उघडला, फॉर्मला लागतो म्हणून. त्याचा पासवर्ड त्याने कुठे लिहून ठेवला नाही.

पुढच्या वर्षी ते बॅगेचं झालं. निशूने तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच कॉलेज सोडलं होतं आणि घरी सांगितलं नव्हतं. जवळजवळ वर्षभर तो रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडत होता आणि संध्याकाळी परत येत होता. नानांना कॉलेजातल्याच कुणी जुन्या ओळखीच्याने सांगितलं. लॅबमधून काही गेलं की दाराशी उभं राहून पोरांच्या बॅगा तपासायची त्यांना सवय होती. त्या संध्याकाळी त्यांनी निशूची बॅग तशीच ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर उघडली आणि एकेक वस्तू काढून मांडली. डबा, पाण्याची बाटली, एक वर्तमानपत्र, एक चादर. तो दिवसभर कुठेतरी झोपत असावा. मी समोरच्या दारात उभी होते आणि मी आत गेले नाही, याची मला आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी निशू नेहमीच्या वेळेला बॅग न घेता बाहेर पडला. आठवड्याने अनोळखी नंबरवरून काकूंना, म्हणजे निशूच्या आईला, एक मेसेज आला, मी ठीक आहे, शोधू नका. त्यानंतर तो नंबरही बंद झाला.

त्यांनी शोधायचं तेवढं शोधलं. पोलिसात झालं, नातेवाइकांत झालं, पुण्याला आणि सुरतेला जाऊन झालं. मग नाना गच्चीवर परत जाऊ लागले आणि रोजचं तापमान वेबसाइटवर टाकू लागले. लिहायचे फक्त दोन ओळी. पारा इतका, आकाश असं, वारा तसा. क्वचित, समोरचं कडुनिंबाचं झाड कापलं. क्वचित, आईची दाढ काढली. कुणाची आई ते लिहायचे नाहीत. नऊ वर्षांत त्यांनी निशूचं नाव एकदाही लिहिलं नाही.

साइटच्या कोपऱ्यात निशूने एक आकडा ठेवला होता, दिवसभरात किती जण आले त्याचा. नाना रात्री झोपायच्या आधी तो पाहायचे. बहुतेक दिवशी पाच असायचा. एक ते स्वतः, असं ते बोटांवर मोजत सांगायचे, एक काकू, एक वृंदा म्हणजे मी, एक भोपाळचा त्यांचा भाचा. "आणि पाचवा?" असं विचारून ते माझ्याकडे पाहायचे. पाचवा कोण ते मला माहीत होतं. शोधयंत्रांचे आपोआप फिरणारे प्रोग्राम अशा साइटवर रोज येऊन जातात, त्यात कुणी माणूस नसतो. मी हे नानांना कधी सांगितलं नाही. अंदाज सांगू नको म्हणणारा तो माणूस त्या एका आकड्यापुढे अंदाजावर जगत होता, आणि मी जगू दिलं.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी ते माझ्या दारात आले तेव्हा हातात प्रिंटआउट होता. चपला वेगवेगळ्या जोडांच्या होत्या. साइट ज्याच्या सर्व्हरवर होती तो लोकेश भिया, इकडे भैयाला भियाच म्हणतात, धंदा बंद करत होता. महिन्याअखेर सर्व्हर बंद होणार, सगळ्यांनी आपापलं सामान हलवावं, असं त्याने कळवलं होतं. मी म्हटलं, एवढंच ना, दोन तासांचं काम आहे. फाइली उचलायच्या, दुसऱ्या कंपनीकडे ठेवायच्या.

"आणि नाव?" नानांनी विचारलं.

नावाचं जरा वेगळं असतं. सामान एकीकडे असतं आणि दारावरची पाटी, म्हणजे डोमेन, वेगळी नोंदवलेली असते. ती पाटीही लोकेश भियाच्याच खात्यातून घेतलेली होती, तिची मुदत अठरा दिवसांत संपत होती आणि खातं बंद झाल्यावर ती वाढवायची कुणी हा प्रश्न होता. मी म्हटलं, फारच त्रास व्हायला लागला तर नवीन नाव घेऊ, जवळपासचंच. नाना खुर्चीवर बसले नव्हते ते बसले. नवीन नाव नको म्हणाले. त्याला हेच माहीत आहे.

परदेशीपुऱ्यात एका स्पेअर पार्टच्या दुकानावर लोकेश भियाचं ऑफिस होतं. माणूस चांगला. अर्धं सामान बांधून झालेलं असूनही त्याने चहा मागवला, फाइली लगेच पेनड्राइव्हवर दिल्या आणि नाव हलवायला लागतो तो कोडही काढून दिला. मग म्हणाला, एकच गोष्ट आहे. नाव हलवायची विनंती केली की मालकाच्या ईमेलवर विचारणा जाते. मालक कोण आहेत, रामचंद्र जी?

ते माझे वडील, नाना म्हणाले. आणि तो ईमेल आमच्याकडे उघडत नाही.

लोकेश भियाने नावं नोंदवणाऱ्या वरच्या मोठ्या कंपनीला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तिकडून एक मुलगी फार अदबीने बोलत होती. ईमेल बदलून मिळेल, फक्त मालकाचं ओळखपत्र पाठवा. नाना म्हणाले, वारले. मग मृत्यूचा दाखला पाठवा. दाखला नानांच्या पिशवीत होता, त्यांच्या पिशवीत असली सगळी कागदपत्रं असायची. लोकेश भियाने फोटो काढून पाठवला.

"सर," ती मुलगी म्हणाली, "इनकी डेथ तो डोमेन लेने से ग्यारह साल पहले की है।"

"हाँ," नाना म्हणाले. "हमारे यहाँ ऐसा ही होता है।"

लोकेश भिया खिडकीकडे तोंड करून हसला. मलाही हसू आलं, ते पुढे पंधरा दिवस आलं नाही. त्या मुलीने अदबीनेच सांगितलं की मेल्यानंतर कुणाला नोंदणी करता येत नाही, तेव्हा ही नोंदच संशयास्पद आहे, आणि आपण या बाबतीत काही करू शकत नाही. नाना तिला समजावत राहिले की विजेच्या ऑफिसला चालतं, गॅसला चालतं. ती सॉरी सर म्हणत राहिली. शेवटी फोन तिकडूनच बंद झाला.

मग पासवर्ड शोधणं सुरू झालं. दिवसाला चार-पाच वेळाच प्रयत्न करता येत होता, नंतर खातं दुसऱ्या दिवसापर्यंत दार लावून घ्यायचं. नाना रोज दहाच्या ठोक्याला पाच शब्द कागदावर लिहून आणायचे. पहिल्या दिवशी निशूची जन्मतारीख, आबांचं नाव, शाळेचा रोल नंबर. दुसऱ्या दिवशी कुलदैवत, गल्लीचं नाव, काकूंचं माहेरचं नाव. तिसऱ्या दिवशी कागदावर दोनच शब्द होते. मी दोन्ही टाकले. मग नाना तो कागद उलटा करून पाहत बसले.

"त्याला काय आवडायचं गं?" त्यांनी मला विचारलं. "तू पाहिलंयस त्याला."

मी कचोरी म्हणाले. मला दुसरं काही सुचलं नाही. आम्ही तेही टाकून पाहिलं.

चौथ्या दिवशी कागद नव्हता. नाना आले, बसले आणि नुसते माझ्या कॉम्प्युटरकडे पाहत राहिले. मी चिडले. त्यांच्यावर, निशूवर, मेलेल्या आबांवर. मी लोकेश भियाला फोन लावून झापलं की काहीतरी मार्ग काढ, तू दुकान बंद करतोयस, म्हातारा माणूस घुसमटतोय. तो म्हणाला, "मैडम, एक काम करो। रिक्वेस्ट डाल दो। मेल तो उधर ही जाएगा, पर पाँच दिन किसी ने कुछ नी बोला तो अपने आप निकल जाएगा।"

म्हणजे त्या ईमेलवर विचारणा जाईल, तिथे हो किंवा नाही म्हणायची सोय असेल, आणि पाच दिवस कुणीच बोललं नाही तर ती संमती धरली जाईल. मला हे आधी का सुचलं नाही म्हणून मी स्वतःच्या डोक्यावर टपली मारली. तो ईमेल कुणी उघडत नाही हेच आपलं भाग्य, असं मी नानांना म्हणाले. बोलून गेले आणि मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. नऊ वर्षं हा माणूस कुणीतरी तिकडे असावं म्हणून रोज दोन ओळी लिहीत होता. आता साइट टिकायची तर तिकडे कुणीच नसायला हवं होतं. ते एवढंच म्हणाले, टाक.

विनंती टाकली. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत असताना फोनवर मेल आला. नवीन कंपनीने कळवलं होतं की सध्याच्या मालकाने विनंती नाकारली आहे. मी आधी लोकेश भियाला विचारलं, तुझ्याकडून काही चुकलं का. त्याने त्याच्याकडचं पाहून सांगितलं, नाही, मेलमधली लिंक कुणीतरी दाबली आहे. दहा वाजून बावन्न मिनिटांनी. पासवर्डशिवाय तो मेल दिसणारच नाही.

कणकेच्या हातानेच मी टेंब्यांकडे गेले. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. नाना पेपर वाचत होते, काकू भाजी निवडत होत्या. मी म्हटलं, नाना, नाही म्हणून आलंय. कुणीतरी नाही म्हटलंय.

काकूंच्या हातातली मेथी तशीच राहिली. नानांनी वेळ विचारली. मी सांगितली. त्यांनी खिशातला कागद काढला, त्या दिवशीच्या तापमानाखाली १०.५२ असं लिहिलं आणि कागद परत ठेवला. खिसा दोनदा चुकला. मग बोलायला लागले ते थांबेचनात. तो आहे. मेल उघडतो तो. त्याला वाटलं असेल कोणी भामटा आपल्या बापाची साइट पळवतोय, म्हणून त्याने ताबडतोब नाही म्हटलं. राखण करतोय तो, इतकी वर्षं. बघ, मी म्हणत होतो ना, पाचवा आहे म्हणून.

काकूंचा आवाज अगदी शांत होता. "खाली फोन नंबर लिहिलाय ना साइटवर," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं लिहिलेला आहे." मग त्या उठून आत गेल्या आणि आतून नळाचा आवाज येत राहिला.

मुदतीला आता नऊ दिवस उरले होते. एक विनंती अजून बसत होती, जेमतेम. मी नानांना हात जोडून सांगितलं की या वेळी गुपचूप पाठवू, काही बोलू नका, काही लिहू नका. एकदा नाही म्हणाला, मेल परत उघडेलच असं नाही. पुन्हा नाही आलं तर नाव गेलं म्हणून समजा, मग ते कुणीही विकत घेईल. नाना हो हो म्हणाले. दुपारी मी साइट उघडून पाहिली तर त्या दिवशीच्या नोंदीत एका बोटाने टाइप केलेल्या चार ओळी जास्तीच्या होत्या.

पारा अकरा पॉइंट पाच. आकाश निरभ्र. निशू, चोर नाही, मी आहे. साइट दुसरीकडे नेतो आहे. तुला विचारणा परत येईल. ओट्यावर बॅग उघडली ते माझं चुकलं. हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण म्हण.

मी रागाने त्यांच्याकडे गेले. हे पुसा म्हटलं. सगळ्यावर पाणी पडेल, तो चिडेल, परत नाही दाबेल. नानांनी नेहमीसारखं माझं पूर्ण ऐकून घेतलं. "दाबू दे की," ते म्हणाले. तेव्हा मला कळलं की आता त्यांना साइट नको होती. दुसरी विनंती मी त्यांच्यासमोर टाकली आणि घरी येऊन रडले.

ते पाच दिवस नानांनी माझं घर सोडलं नाही. सकाळचं रीडिंग घ्यायचे आणि सरळ येऊन आमच्या दिवाणावर बसायचे. माझी सासू त्यांना चहा देऊन देऊन थकली. मी कॉम्प्युटरवर काही उघडलं की ते मान पुढे काढून विचारायचे, नाही म्हणाला का? मी नाही म्हटलं की त्यांना क्षणभर वाटायचं तेच उत्तर आहे, मग लक्षात यायचं की ते माझं आहे. तिसऱ्या दिवशी दहा बावन्नला ते उठून उभेच राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी लोकेश भियाला स्वतः फोन करून विचारलं, तुमच्या मशीनमध्ये काही बिघाड नाही ना. मी मात्र देव पाण्यात घालून बसले होते की कुणीही काही न दाबो, पाच दिवस नुसते जावोत. एकाच खोलीत बसून आम्ही दोघं उलट गोष्टी मागत होतो.

पाचव्या दिवशी दुपारी मेल आला. नाव नव्या कंपनीकडे आलं होतं. मी फाइली चढवून ठेवल्याच होत्या, जोडायला पंधरा मिनिटं लागली. संध्याकाळपर्यंत जुन्या नावानेच साइट उघडायला लागली, इतक्या वर्षांची सगळी तापमानं जशीच्या तशी, एक ओळ इकडची तिकडे नाही. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली. नाना दुपारीच उठून घरी गेले होते. मी मोबाइल घेऊन त्यांच्या गच्चीवर गेले.

नाना त्यानंतर चार महिन्यांनी गेले, मी तेव्हा माहेरी होते. त्यांच्या शेवटच्या दिवसांचं मला काही सांगता येणार नाही. मला ते दिसतात ते त्या संध्याकाळचे, पाण्याच्या टाकीला टेकून उभे. मी साइट त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा वर करून पाहिली. खाली नेली, वर आणली, त्यांच्या त्या चार ओळींवर थांबले. आपलं काम झालं नाना, मी म्हणाले, नाव टिकलं, आता वर्षानुवर्षं काळजी नाही. त्यांनी विचारलं की हो म्हणाला का. मी म्हटलं नाही, कुणीच काही म्हटलं नाही, पाच दिवस झाले म्हणून आपोआप आलं. त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला, काच आधी शर्टाला पुसून.

"वृंदा," ते म्हणाले, "नाही म्हणायला काय जात होतं गं त्याला?"